एका माणसाच्या मापाचे साम्राज्य

जर्मनीच्या एकीकरणाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास ओठांवर येतात. एक म्हणजे 'रक्त आणि लोह' हे शब्द, आणि दुसरी सरदार पटेलांना दिली जाणारी 'भारताचे बिस्मार्क' ही उपमा. दोन्हींत गफलत आहे. ३० सप्टेंबर १८६२ रोजी प्रशिया या बलाढ्य जर्मन राज्याच्या विधिमंडळाच्या अंदाजपत्रक समितीसमोर ऑटो फॉन बिस्मार्क जे बोलला त्यात लोखंड आधी होते आणि रक्त नंतर. हा क्रम पुढे लोकांनी कानाला बरा वाटेल तसा फिरवून घेतला. ती चूक किरकोळ म्हणून सोडून देता येईल. उपमेतली चूक तशी सोडण्याजोगी नाही. पटेलांनी साडेपाचशेहून अधिक संस्थाने भारतात आणली तेव्हा संस्थानिकांच्या हातची सत्ता गेली. मार्च १९४९ मध्ये कोल्हापूर मुंबई प्रांतात आले ते एक जिल्हा होऊन. बिस्मार्कने १८७१ मध्ये उभ्या केलेल्या साम्राज्यात मात्र बावीस राजे, ग्रँड ड्यूक, ड्यूक आणि प्रिन्स आपापल्या गाद्यांवर शाबूत होते, आणि त्यांच्या जोडीला हाम्बुर्ग, ब्रेमेन व ल्युबेक ही तीन मुक्त शहरे. त्या साम्राज्याच्या घटनेचा सरनामा उघडून पाहिला तर त्यात जनता कर्ती नाही. प्रशियाचा राजा, बवेरियाचा राजा, व्युर्टेम्बर्गचा राजा, बाडेनचा ग्रँड ड्यूक अशी नावे घेऊन, हे सत्ताधीश आपसांत एक शाश्वत संघ स्थापन करीत आहेत, असे तिथे लिहिलेले आहे. ज्यांची राज्यघटना 'आम्ही भारताचे लोक' अशी सुरू होते त्यांना हा फरक वेगळा समजावून सांगायला नको.

हा सरनामा मी मुद्दाम आधी मांडला, कारण पुढे एका नाजूक प्रसंगी खुद्द बिस्मार्कनेच त्याचा आधार घेतला. तिकडे येण्यापूर्वी, ज्या मताशी माझा वाद आहे ते सांगून टाकतो. बिस्मार्कने घडवले आणि विल्हेल्म दुसऱ्याने बिघडवले, हे ते मत. वृद्ध, धूर्त, संयमी चान्सलर जहाज नीट हाकत होता. तरुण, उतावळ्या कैसरने, म्हणजे सम्राटाने, त्याला उतरवले आणि जहाज १९१४ च्या महायुद्धाच्या खडकावर नेऊन आदळले, अशी ती कथा आहे. कथा म्हणून ती झकास आहे. पण जे राज्य एका माणसाने सुकाणू सोडताच भरकटते, ते बांधणाऱ्याने नीट बांधले होते असे कसे म्हणायचे? विल्हेल्मचा उतावळेपणा खरा असला तरी त्या उतावळेपणाला लगाम घालील अशी एकही संस्था राज्यात का नव्हती, हा प्रश्न विल्हेल्मकडे न नेता बिस्मार्ककडेच न्यावा लागतो, आणि त्याचे उत्तर १८७१ च्याही आधी सापडते.

१८६२ मध्ये प्रशियाचा राजा विल्हेल्म पहिला आणि विधिमंडळातले उदारमतवादी यांच्यात सैन्यावरून जुंपली होती. युद्धमंत्री रोन याला सक्तीची तीन वर्षांची सेवा हवी होती आणि नागरी धाटणीच्या लांडवेअर या राखीव दलाचे महत्त्व कमी करायचे होते. प्रतिनिधिगृहाने पैसे नाकारले. राजा इतका वैतागला की त्याने राज्यत्यागाचा मसुदा लिहून ठेवला होता. २२ सप्टेंबरला बाबेल्सबर्गच्या राजवाड्यात त्याची आणि बिस्मार्कची भेट झाली. बहुमत विरोधात असले आणि अंदाजपत्रक मंजूर नसले तरी आपण राज्य चालवू, असा शब्द बिस्मार्कने दिला आणि तो मुख्यमंत्री झाला. मग त्याने एक अजब कायदेशीर युक्तिवाद लढवला. अंदाजपत्रकासाठी राजा आणि दोन्ही सभागृहे यांची संमती लागते असे घटना सांगते. पण संमती झालीच नाही तर काय करायचे याविषयी घटना गप्प आहे. आणि जिथे घटना गप्प तिथे जुना अधिकार राजाकडे परत जातो. घटनेत फट आहे, आणि त्या फटीत राजा बसलेला आहे. या फटीच्या आधारे सरकारने चार वर्षे कर गोळा केले, फौज वाढवली, १८६४ मध्ये डेन्मार्कशी आणि १८६६ मध्ये ऑस्ट्रियाशी युद्ध केले.

३ जुलै १८६६ रोजी क्योनिगग्रेट्झला ऑस्ट्रियाचा पराभव झाला. योगायोग असा की त्याच दिवशी प्रशियात निवडणूक होती, आणि विजयाची बातमी मतदारांपर्यंत पोहोचण्याआधीच युद्धाच्या वाऱ्यावर उदारमतवाद्यांच्या बऱ्याच जागा गेल्या. त्यानंतर निकोल्सबर्गच्या वाड्यात जे घडले तो बिस्मार्कच्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रसंग आहे असे मी मानतो, आणि त्याचे श्रेय त्याला द्यायला माझी ना नाही. राजाला आणि सेनापतींना व्हिएन्नात शिरायचे होते, ऑस्ट्रियाचा मुलूख तोडायचा होता. बिस्मार्क आडवा पडला. उद्या ज्याची मैत्री लागणार आहे त्याला आज अपमानित करू नये, हे त्याचे म्हणणे होते. हे म्हणणे राजाच्या गळी उतरवताना तो इतका घायकुतीला आला की, खिडकीतून खाली पडलो तर बरे होईल का असा विचार मनात आल्याचे त्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. ऑस्ट्रियाला एक फूटभरही जमीन प्रशियाला द्यावी लागली नाही. तेरा वर्षांनी, १८७९ मध्ये, तीच ऑस्ट्रिया जर्मनीची दोस्त झाली. हॅनोव्हर, हेस-कासेल, नासाऊ आणि फ्रँकफर्ट मात्र त्याच वर्षी प्रशियाने गिळले. संयम होता तो बरोबरीच्या शत्रूपुरता.

तिथून परतल्यावर बिस्मार्कने विधिमंडळासमोर एक विधेयक ठेवले. चार वर्षांचा मंजुरीविना झालेला खर्च मागील तारखेपासून मान्य करावा आणि सरकारला त्या बाबतीत जबाबदारीतून मोकळे करावे, एवढीच मागणी होती. कडव्या सनातन्यांना तेवढेही सहन झाले नाही. जिंकलेल्या राजाने विधिमंडळाकडे काही मागावेच कशाला, असा त्यांचा सवाल होता. उदारमतवाद्यांपुढे खरा पेच होता. सरकारने केले ते घटनाबाह्य होते हे त्यांनी चार वर्षे घसा फोडून सांगितले होते. आता त्या बेकायदा पैशावर पोसलेल्या फौजेने, ज्याची स्वप्ने ते १८४८ पासून पाहत होते ते एकीकरण निम्मे करून दाखवले होते. २३० विरुद्ध ७५ मतांनी विधेयक मंजूर झाले. पुन्हा तशी वेळ आली तर आपण पुन्हा तसेच वागू, हे राजाने विधिमंडळाच्या शिष्टमंडळाला स्पष्टच ऐकवले, आणि ते ऐकूनही कोणी मत बदलले नाही.

जर्मन साम्राज्याचा जन्मदिवस म्हणून १८ जानेवारी १८७१ ही तारीख सांगितली जाते. माझ्या लेखी ते साम्राज्य १८६६ च्या सप्टेंबरात, या मतदानाच्या वेळी जन्मले. नियम मोडून मिळवलेले यश नियमांपेक्षा मोठे असते, हा धडा त्या दिवशी जर्मन मध्यमवर्गाने गिरवला, आणि तो पुढे त्याच्या अंगात मुरला. इथे बिस्मार्कपेक्षा त्याच्या विरोधकांवर माझा राग अधिक आहे. तो युंकर जमीनदाराचा मुलगा होता. राजाची सत्ता, प्रशियाची फौज आणि आपल्या वर्गाचे स्थान टिकवणे हे त्याचे काम होते, आणि ते त्याने कधी लपवले नाही. जर्मन राष्ट्र हे त्याला त्या कामासाठी सापडलेले साधन होते. ज्यांच्यासाठी राष्ट्र आणि स्वातंत्र्य ही एकाच नाण्याची दोन अंगे होती, त्यांनी एक अंग घेऊन दुसरे सोडून दिले.

या मुद्द्यावर विरोधी बाजू दुबळी नाही. उदारमतवाद्यांना त्यांची संधी मिळाली होती आणि त्यांनी ती घालवली, असे कोणी म्हणेल तर ते खोटे नाही. १८४८ च्या क्रांतीतून एकसंध जर्मनीची घटना करायला भरलेल्या फ्रँकफर्टच्या राष्ट्रसभेने १८४९ मध्ये देऊ केलेला मुकुट प्रशियाच्या फ्रीडरिश विल्हेल्म चौथ्याने नाकारला, कारण तो लोकांच्या हातून येत होता. शिवाय ती सभा काही संतांची नव्हती. जुलै १८४८ मध्ये पोझनानच्या पोलिश प्रदेशाचे काय करायचे यावर चर्चा झाली तेव्हा विल्हेल्म योर्डान या डाव्या बाकावरच्या सभासदाने निरोगी राष्ट्रीय स्वार्थाचा पुरस्कार केला आणि प्रचंड बहुमत त्याच बाजूला गेले. तेव्हा शेजाऱ्याच्या जमिनीवर डोळा ठेवणारा राष्ट्रवाद बिस्मार्कने शोधून काढला, असे म्हणता येणार नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की, चुका करीत शिकण्याची जी शाळा संसदेत असते ती त्याने जर्मनांना पन्नास वर्षे उघडू दिली नाही.

व्हर्सायच्या आरसेमहालातला सम्राटपदाच्या घोषणेचा तो सोहळा पाहिला तरी हे ध्यानात येते. डिसेंबर १८७० मध्ये, फ्रान्सशी युद्ध चालू असताना, उत्तर जर्मन संसदेचे शिष्टमंडळ विल्हेल्मला मुकुट स्वीकारण्याची विनंती करायला व्हर्सायला आले. त्याचा नेता होता एडुआर्ड सिम्सन. १८४९ मध्ये फ्रँकफर्टचा मुकुट घेऊन गेलेला आणि रिकाम्या हाताने परतलेला माणूसही हाच. या खेपेला त्याचे स्वागत झाले, पण बाकीच्या राजांची संमती आधी येऊ देऊन मग. बवेरियाच्या लुडविग दुसऱ्याच्या ज्या पत्राने मुकुट 'देऊ' केला त्याचा मसुदा बिस्मार्कनेच करून धाडला होता, आणि हॅनोव्हरच्या पदच्युत राजाच्या जप्त संपत्तीतून लुडविगला गुपचूप पैसे पोहोचत होते. १८ जानेवारीला महालात गणवेशांची गर्दी होती. 'जर्मन सम्राट' म्हणायचे की 'जर्मनीचा सम्राट' या वादावरून विल्हेल्म इतका रुसला होता की व्यासपीठावरून उतरल्यावर बिस्मार्कशी हस्तांदोलन न करताच पुढे गेला. आन्टोन फॉन वेर्नरचे जे चित्र सगळ्यांनी पाहिलेले असते, त्यात बिस्मार्क मध्यभागी पांढऱ्या शुभ्र गणवेशात उभा आहे. त्या दिवशी तो निळ्या गणवेशात होता. पांढरा रंग त्याला चौदा वर्षांनी, चित्राच्या १८८५ सालच्या आवृत्तीत, चढला.

घटनाही अशीच रंगवलेली होती. राइखस्टागसाठी, म्हणजे साम्राज्याच्या संसदेसाठी, पंचवीस वर्षांवरील प्रत्येक पुरुषाला गुप्त मतदानाचा हक्क मिळाला, जो त्या वेळी ब्रिटनमध्येही नव्हता. बिस्मार्कचा हिशेब असा की खेड्यातला शेतकरी राजाशी आणि जमीनदाराशी इमान राखेल आणि शहरी उदारमतवाद्यांना दाबून टाकेल. पण चान्सलरची नेमणूक कैसर करणार, त्याला काढणारही कैसरच. संसदेला कायदे आणि अंदाजपत्रक अडवता येई, सरकार पाडता येत नसे. राज्यांच्या प्रतिनिधींच्या बुंडेसराटमध्ये ५८ मते होती, त्यांतली १७ प्रशियाची, आणि घटनादुरुस्ती रोखायला १४ पुरत. खुद्द प्रशियात तर भरलेल्या करानुसार मतदारांचे तीन वर्ग पाडलेले होते, मतदान उघड होते, आणि ही पद्धत १९१८ पर्यंत टिकली. १९०८ च्या प्रशियन निवडणुकीत सोशल डेमोक्रॅटांना सुमारे पाव मते पडली आणि जागा मिळाल्या ७. एका हाताने मत दिले आणि दुसऱ्या हाताने त्या मताचे मोल काढून घेतले, असा हा सगळा व्यवहार होता. खासदारांना मानधन नव्हते; तेही १९०६ मध्ये सुरू झाले.

अशा रचनेत बहुमत जुळवायचे कसे? बिस्मार्कने त्यावर एक उपाय काढला, जो पुढे जगभर अनेकांनी वापरला: राज्यात कोणीतरी आतला शत्रू आहे असे जाहीर करायचे. त्यासाठी 'साम्राज्याचे शत्रू' असा शब्दच रूढ झाला. आधी पाळी आली कॅथलिकांची, जे लोकसंख्येच्या एक तृतीयांशाहून अधिक होते. १८७२ मध्ये जेझुइटांवर बंदी, १८७३ मध्ये पाद्र्यांच्या शिक्षणावर आणि नेमणुकांवर सरकारी अंकुश, मग बिशपांना तुरुंग आणि हद्दपारी. परिणाम असा की कॅथलिकांच्या सेंटर पक्षाच्या १८७१ मधल्या ६३ जागा १८७४ मध्ये ९१ झाल्या. मग १८७८ मध्ये कैसरवर झालेल्या दोन हल्ल्यांचे निमित्त करून समाजवाद्यांवर बंदीचा कायदा आला, वास्तविक त्या हल्ल्यांशी पक्षाचा संबंध दाखवता आला नव्हता. सभा बंद, वृत्तपत्रे बंद. निवडणुकीला उभे राहण्याची मुभा मात्र राहिली. १८७८ मध्ये त्यांना ४ लाख ३७ हजार मते होती. बारा वर्षांच्या बंदीनंतर, १८९० मध्ये, ती १४ लाखांवर गेली.

पोलिश प्रजेच्या बाबतीत हे राजकारण सर्वांत कोते दिसते. १८८५ मध्ये प्रशियाचे नागरिकत्व नसलेले सुमारे तीस हजार पोल आणि ज्यू हद्दपार झाले. १८८६ मध्ये पोलिश जमीनदारांच्या जमिनी विकत घेऊन तिथे जर्मन शेतकरी वसवायला दहा कोटी मार्कांचा निधी उभारला गेला. पोलिश पतसंस्थांनी आणि बँकांनी आपल्या लोकांना कर्जे देऊन बोली चढवली, आणि सरकारचा पैसा जमिनीचे भाव फुगवण्यात गेला. बिस्मार्क गेल्यावरही गाडी त्याच चाकोरीतून चालली. १९०१ मध्ये व्झेश्न्याच्या शाळेत धर्मशिक्षणाच्या तासाला जर्मनमधून उत्तर द्यायला नकार देणाऱ्या मुलांना छड्या बसल्या, आणि शाळेबाहेर जमून ओरडा करणाऱ्या पालकांना तुरुंग मिळाला. १९०४ मध्ये नवी घरे बांधायला परवान्याची अट आली. मिखाउ जिमावा नावाच्या शेतकऱ्याला परवाना मिळाला नाही, तेव्हा त्याने चाकांची एक गाडी आणून आपल्याच जमिनीवर उभी केली आणि तीत राहू लागला. गाडी एका जागी उभी राहिली तर ते घर ठरते, असे पोलीस म्हणाले. तेव्हा तो ती रोज थोडी पुढे ढकलू लागला. हे प्रकरण युरोपभर गाजले. ज्या राज्याने ऑस्ट्रिया आणि फ्रान्स यांना लोळवले ते एका शेतकऱ्याच्या गाडीमागे चाकांचे अंतर मोजत फिरत होते.

याच माणसाने जगातला पहिला देशव्यापी सक्तीचा सामाजिक विमा आणला, हेही तितकेच खरे. १८८३ मध्ये आजारपणाचा, १८८४ मध्ये अपघाताचा, १८८९ मध्ये अपंगत्वाचा आणि वार्धक्याचा. हेतू उघड होता: समाजवाद्यांच्या मागे जाणारा कामगार राज्याचा मिंधा व्हावा. ज्याला निवृत्तिवेतन मिळणार आहे तो माणूस हाताळायला सोपा असतो, हे त्याने आडपडदा न ठेवता मांडले होते. निवृत्तिवेतनाचे वय सत्तर ठेवले होते, म्हणजे गिरणीत आणि खाणीत राबणाऱ्यांपैकी फार थोडे तिथवर पोहोचणार. त्यासाठी कामगाराकडे एक कार्ड असे, आणि दर आठवड्याला त्यावर तिकीट चिकटवायचे असे. लोक त्या कायद्याला थट्टेने 'चिकटवण्याचा कायदा' म्हणत. पण आजारपणाच्या विम्यात एक मेख होती. वर्गणीचा दोन तृतीयांश भाग कामगार भरत, म्हणून आरोग्य निधीच्या कारभारी मंडळांतही त्यांचे प्रतिनिधी बहुमतात आले. पक्षावर बंदी होती त्या काळात सोशल डेमोक्रॅट कार्यकर्ते या मंडळांत शिरले, हिशेब तपासायला, डॉक्टरांशी करार करायला, बैठकीचे इतिवृत्त लिहायला शिकले. राजाच्या कृपेचे म्हणून जे आणले ते लोकांच्या कारभाराचे प्रशिक्षण ठरले. बिस्मार्कच्या देशांतर्गत कामांपैकी त्याच्या साम्राज्यानंतरही जर्मनीत भक्कमपणे उरले ते हेच, आणि त्याचे कारण मला यातच दिसते की इथे त्याने, नाइलाजाने का होईना, लोकांना वाटा दिला होता.

१८९० मध्ये निवडणूक हरल्यासारखीच झाली तेव्हा त्या म्हाताऱ्याच्या मनात काय आले पाहा. मार्चमध्ये प्रशियाच्या मंत्र्यांपुढे त्याने असा विचार मांडला की हा संघ राजांनी आपसांत केलेला करार आहे. निवडणुकांचे निकाल असेच वाईट येत राहिले तर राजे करार मोडून नवा करू शकतात. सरनाम्याची आठवण इथे ठेवायची. एकोणीस वर्षांपूर्वी स्वतः बांधलेले घर मोडण्याची किल्ली त्याने पायातच पुरून ठेवली होती. ती वापरायची वेळ आली नाही, कारण त्याच महिन्यात विल्हेल्म दुसऱ्याने त्याला घरी पाठवले. संसदेत त्याच्यासाठी कोणी उठले नाही, आणि उठले असते तरी उपयोग नव्हता. चान्सलर एका माणसाच्या मर्जीवर असावा, हा नियम त्याचाच.

या नियमाची शेवटची परीक्षा अल्सासमधल्या त्साबर्न या छोट्या गावात झाली. १८७१ मध्ये फ्रान्सकडून घेतलेला हा प्रदेश, तिथल्या लोकांना न विचारता. १९१३ च्या शरद ऋतूत फोर्स्टनर नावाच्या वीस वर्षांच्या लेफ्टनंटने नव्या शिपायांसमोर स्थानिकांना शिवी दिली, ती वर्तमानपत्रात छापून आली, पोरे रस्त्यात त्याची टर उडवू लागली. २८ नोव्हेंबरला कर्नल रॉइटरच्या हुकमाने सैनिकांनी रस्त्यावरच्या नागरिकांना धरले आणि बराकीच्या तळघरात रात्रभर कोंडले. धरलेल्यांत न्यायालयातून बाहेर पडलेले न्यायखात्याचे लोकही होते. राइखस्टागमध्ये या बेकायदा प्रकाराचा जाब विचारला गेला आणि चान्सलर बेटमान-होलवेगवर २९३ विरुद्ध ५४ मतांनी अविश्वास व्यक्त झाला. उदारमतवादी, सेंटर, समाजवादी, पोल, एके काळचे सगळे 'शत्रू' आणि मित्र एका बाजूला होते. दुसऱ्या दिवशी चान्सलर नेहमीप्रमाणे कचेरीत गेला. जानेवारीत लष्करी न्यायालयाने कर्नलला निर्दोष सोडले. प्रशियाच्या घटनेतली १८६२ ची ती फट अजून तशीच उघडी होती, आणि तीत आता नुसती फौज बसलेली होती.

बर्लिनची राइखस्टागची इमारत १८९४ मध्ये उघडली. दर्शनी भागावर, खांबांच्या वर, 'जर्मन जनतेस' ही अक्षरे कोरण्याचे वास्तुविशारदाच्या मनात होते. ती पट्टी बावीस वर्षे कोरीच राहिली. महायुद्ध पेटले, माणसे खंदकांत मरू लागली, घरी धान्य पुरेना, तेव्हा कुठे डिसेंबर १९१६ मध्ये अक्षरे चढली. ती नेपोलियनविरुद्धच्या युद्धांत पकडलेल्या दोन फ्रेंच तोफा वितळवून, बर्लिनच्या लोवी या ज्यू कुटुंबाच्या ओतशाळेत ओतलेली होती.